चाकाची आतली बाजू

नवरात्रातले गरबे रंगात आले की आमच्या घराला गाडी उचलायचे वेध लागतात. अख्ख्या सरावलीत हे खूळ फक्त आमच्याच घरात. बाकीची शहाणी माणसं दसऱ्याला गाडी बाहेरून धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळी होतात. आम्ही मात्र आदल्या दिवशी गाडी जॅकवर चढवतो, एकेक चाक काढतो आणि चाकाची जी बाजू कुणाच्या बापाला दिसत नाही, ती घासत बसतो. बघा, "आम्ही" म्हणायची सवय काही सुटत नाही.

यंदाही नवरात्र आलं. पाऊस गेला आणि ऊन असं तापलं की दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठेववेना. मागच्या वाडीत चिकूची पानं धुऊन पुसल्यासारखी चमकायला लागली. बाजारात झेंडूचे ढीग पडले. पूर्वेकडच्या डोंगरातल्या बायका आपट्याच्या डहाळ्या घेऊन स्टेशनाबाहेर बसल्या. संध्याकाळी शेजारच्या रमीलाबेनच्या दारावरून पोरी घागरे सावरत गरब्याला जायला लागल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. मी एकटीच ओट्यावर उभी राहून गाडीकडे बघत होते. पावसाळाभराचा चिखल तिच्या चाकांत वाळून बसला होता.

दिनकरराव म्हणजे आमचे हे. तोंडावर मी त्यांना "अहो" म्हणते आणि कागदावर दिनकरराव. जन्मभर डहाणूतल्या एका फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांवर फुग्यांना लावायची पांढरी पावडर घेऊन, आणि मी म्हणायची, "आलात का पिठाच्या गिरणीतून?" त्यांना राग यायचा नाही. त्यांना राग यायचा तो फक्त दोन गोष्टींचा: अर्धवट काम आणि अर्धवट उत्तर.

चाकाची आतली बाजू घासायचं वेड त्यांचंच. आमची छोटी पांढरी गाडी वर्षभर कुठे कुठे फिरायची. मासळी आणायला आगरला, रविवारी हवा खायला चिखल्याच्या किनाऱ्याला, आणि महिन्या-दोन महिन्यांनी वन्संकडे, तलासरीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला. दिनकररावांची ही थोरली बहीण. तिथे तिची भाताची आणि नाचणीची शेती आहे. वाळू, खारा वारा, लाल माती असं सगळं चाकात आत जाऊन बसायचं. काढलेलं चाक पालथं घालून दिनकरराव म्हणायचे, "हे बघ, दोन तालुके आहेत ह्यात." मग मी काथ्याने घासायची आणि ते पाणी ओतायचे. खरवडून निघालेली लाल खपली हातात घेऊन सांगायचे, ही वन्संच्या बांधाजवळची, तिथे पाऊस पडला की अशीच चिकटते. मला ते खरं वाटायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

एकदा मी म्हटलं, "अहो, आतलं कोण बघतंय? वरून एक हात फिरवू आणि थोडं खोबरेल लावू. चमकेल बघा कसं."

"खोबरेल? ब्रेकजवळ तेल? जीव घ्यायचाय का माझा?"

"तुमचा कशाला, गाडी तर मी चालवते."

हे खरं होतं. गाडी चालवायला आम्ही दोघं बरोबरच शिकलो, पण त्यांना क्लच कधी जमला नाही. चालवायची मी, आणि शेजारी बसून हॉर्न कधी वाजवायचा ते सांगायचे ते. गाडी चढावर थांबली की डोळे मिटून घ्यायचे. पण जॅक हातात आला की मात्र साहेब तेच.

गाडी आणली त्या वर्षीचा दसरा मला अजून आठवतो. परतीचा पाऊस रेंगाळला होता. अंगणात तेव्हा फरशी नव्हती, नुसती माती होती, आणि ती वरून वाळलेली दिसत होती. आम्ही उत्साहाने जॅक लावला आणि चाक जमिनीवरून सुटलं. मी वाकून आत बघायला गेले, तेवढ्यात दिनकररावांचा आवाज आला, "मागे!" असा आवाज त्यांनी त्याआधी कधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. मी मागे पडले. जॅक मातीत रुतून कलंडला आणि गाडी धाडकन खाली आली. मला खरचटलंही नाही. पण दिनकरराव ओट्यावर जाऊन बसले, चहा दिला तो प्यायले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी वन्संकडे सोनं द्यायला गेलो तेव्हा त्यांनी सगळी हकिकत सांगितली. वन्संनी घरामागून जुन्या खाटेची सागाची जाड फळी आणली आणि गाडीत टाकली. बांधावरचे चार काळे दगडही दिले. म्हणाल्या, "विटा नको लावू रे दिनू. वीट फुटते. ह्ये दगड ठेव."

पुढच्या वर्षीपासून कारखान्याची पद्धत घरात आली. कारखान्यात मशीन सुरू करायच्या आधी एकाने मोठ्याने विचारायचं आणि पलीकडच्याने प्रत्यक्ष बघून मोठ्याने उत्तर द्यायचं, असा त्यांचा नियम होता. तसंच आता गाडीपाशी.

"हँडब्रेक?"

"ओढलाय."

"गिअर?"

"पहिल्यात."

"दगड?"

"मागच्या दोन्ही चाकांना. पुढून आणि मागून."

"फळी?"

"घातली. हलत नाही."

"नट?"

"सैल केलेत. काढले नाहीत."

मग जॅक. तोही वाटेल तिथे नाही, पत्र्याखाली त्याच्यासाठी जी खाच असते तिथेच. गाडी वर गेली की ताबडतोब स्टेपनी तिच्या पोटाखाली सरकवायची, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, माणसावर नाही. "स्टेपनी?" "खाली." तेव्हा कुठे चाक काढायचं. आणि ते उघड्यावर आणून धुवायचं, गाडीखाली डोकं घालून नाही.

सुरुवातीला मी नुसती मान हलवायची. ते चिडायचे. "मान काय हलवतेस? मी बघत नाहीये, ऐकतोय. तोंडाने बोल." मी म्हणायची, दिवसभर टेलिफोन ऑफिसात तोंडानेच बोलते, घरी तरी सुट्टी द्या. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. अनोळखी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात माझी नोकरी गेली. नुसत्या "हॅलो"वरून पलीकडचा माणूस रडून आलाय की जेवून, ते मला कळायचं. त्यामुळे तोंडाने बोलायचा नियम मला जाच वाटला तरी पटला होता.

फक्त एका ठिकाणी तोंडी उत्तर चालायचं नाही. सगळं झालं, चाक परत बसलं, स्टेपनी बाहेर ओढली, की गाडी खाली घ्यायच्या आधी ते शेवटचं विचारायचे, "हात?" तेव्हा "बाहेर आहेत" असं म्हणून भागायचं नाही. दोघांनीही दोन्ही हात वर करून एकमेकांना दाखवायचे. साबणाने ओले झालेले, काळे, लाल मातीने बरबटलेले चार हात. रमीलाबेन कुंपणापलीकडून बघून हसायची. म्हणायची, "तुम्ही दोघं गाडी धुता की पोलिसाला शरण जाता?" मला लाज वाटायची. दिनकररावांना नाही.

यंदा श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले नशीब थोर. मीही सगळ्यांना तेच सांगते. पण खरं सांगू? घरात दोन माणसं आणि आवाज एक, हे किती भयंकर असतं ते त्यात राहिल्याशिवाय कळत नाही. मी सकाळी "चहा देऊ?" विचारते आणि मीच "देते" म्हणते. कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते. टीव्हीवरच्या बायकांशी भांडते. विधवा बाईला लोक एकटी म्हणतात, तिच्याजवळ येऊन बसतात. मला एकटं म्हणायचीही सोय नाही, कारण नवरा समोर बसलेला आहे, नीट जेवतोय, माझ्याकडे बघतोय.

आणि भेटायला येणारी माणसं! त्यांच्या समोर बसून मला विचारतात, "आता कसे आहेत? ओळखतात का? रात्री झोपतात का?" जसं काही ते खोलीतच नाहीत. आधी मी चिडून म्हणायची, त्यांनाच विचारा की. मग ते एक "हं" करायचे आणि समोरचा माणूस ओशाळून बिस्किटाकडे बघायचा. "हं" एवढाच आवाज त्यांच्याकडे उरलाय. भूक लागली तरी हं, नको असलं तरी हं. पुढे पुढे मीही त्यांच्या वतीने उत्तरं द्यायला लागले.

डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी फार पाठ असलेलं अचानक तोंडातून येतं. प्रयत्न करत राहा. मी आरती म्हणून बघितली. पाढे म्हणून बघितले. "बे एके" म्हणून थांबायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. एका संध्याकाळी त्यांनी मान फिरवली आणि डोळे पुसायला डावा हात वर नेला. त्यानंतर मी पाढे बंद केले.

तेव्हा गाडी धुणं हे निमित्त होतं. पल्लवी, म्हणजे आमची लेक, ठाण्याहून फोनवर म्हणाली, "आई, वॉशिंगवाल्याकडे टाक ना गाडी. आणि यंदा नको आत्याकडे जाऊस. बाबांना घेऊन कुठे जाणार तू?"

"चाकं तो आतून धुणार आहे का?"

"आई, आतून कोण बघतं?"

मी फोन ठेवला. तिचं काही चुकलं नव्हतं. पण मला आतली बाजू धुवायची होती आणि त्याहून जास्त मला एक शब्द ऐकायचा होता. पाढे नाही, आरती नाही, पण "दगड?" हा शब्द इतक्या वर्षांच्या सवयीने येईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. एकदा तो आला की बाकीचे त्याच्या मागून येतील. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी त्यांची खुर्ची ओट्याच्या कडेला आणून लावली, पाठीला उशी दिली, अंगावर पातळ शाल घातली आणि समोर गाडी उभी केली.

"आज तुम्ही विचारायचं," मी म्हटलं. "मी सांगेन. नेहमीसारखं."

ते गाडीकडे बघत होते. मी हँडब्रेक ओढला, गिअर पहिल्यात टाकला, खाली उतरले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मुद्दाम पाठ केली. टक लावून बघितलं की त्यांना पाढ्यांसारखं ओझं होईल, असं मला वाटलं. कान मात्र सगळे तिकडे. चिकूच्या वाडीत कुणीतरी कोयत्याने फांदी तोडत होतं. कुठेतरी गरब्याचा स्पीकर तपासत होते, हॅलो हॅलो. मागून फक्त एक "हं" आला.

"हँडब्रेक? ओढलाय," मी म्हटलं. "गिअर? पहिल्यात."

दगड लावले. पुन्हा पाठमोरी उभी राहिले. हाच तो शब्द, इथेच येणार. "हं," परत आला, जरा चिडका. बस्स, तेवढाच.

"दगड?" शेवटी मीच म्हटलं, त्यांच्यासारखा आवाज जाड करून. "लावले."

कुंपणावरून रमीलाबेनचं डोकं वर आलं. "बेन, कोणाशी बोलते तू एकली-एकली?"

"ह्यांच्याशी."

"ते बोलले?" तिचा चेहरा एकदम उजळला. "शुं बोलले?"

"नाही गं. मीच."

"अरेरे," ती म्हणाली. "मी येऊ का पकडायला?" मी नको म्हटलं. ती गेली. मला तिचा राग आला, पल्लवीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या ओट्यावरच्या माणसाचा आला. आयुष्यभर मला तोंडाने बोल, तोंडाने बोल म्हणून छळलंत, आणि आता हे. रागारागाने फळी टाकली, खाचेत जॅक लावला, आणि दांडा फिरवत सुटले. मागून "हं, हं" चालू होतं. मी लक्ष दिलं नाही. पुढचं डावं चाक जमिनीवरून सुटलं. स्टेपनी पोटाखाली सरकवली. पाना नटाला लावला आणि सगळा जीव एकवटून ओढला.

नट हलला नाही. गाडी हलली. जॅकवर ती डुलली. पाना टाकून मी मागे सरले. गाडी सावरली आणि थांबली. मी नट सैल करायचेच विसरले होते. गाडी जमिनीवर असताना करायचं काम मी ती वर चढवून करायला गेले होते.

"हं! हं! हं!"

मी वळून बघितलं. दिनकरराव खुर्चीत पुढे झुकले होते, शाल खाली पडली होती, आणि त्यांचा डावा हात हवेत होता. मूठ वळलेली, आणि ती मूठ ते पुन्हा पुन्हा एकाच बाजूला फिरवत होते. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. नट सैल करायची बाजू.

मी म्हटलं, "तुम्ही हे मघापासून विचारताय?"

"हं."

मग त्यांनी मूठ खालून वर ओढली. हँडब्रेक. हात पुढे ढकलला. गिअर. मूठ खुर्चीच्या दांड्यावर एकदा इकडे आणि एकदा तिकडे ठेवली. दगड. पंजा पालथा करून दांड्यावर दाबला. फळी. सगळं ओळीने, जसं दरवर्षी विचारायचे तसं. मी पाठ करून कान लावून उभी होते आणि ते मागे बसून एकेक गोष्ट विचारत होते.

हा हात मला नवा नव्हता. झटका आल्यापासून तो असाच चुळबुळतो. जेवताना ताटाच्या कडेवर टकटक करतो. पंख्याकडे बघून फिरतो. खिडकीच्या दिशेने ढकलल्यासारखं करतो. मला वाटायचं, आजारपणाने आलेली चाळवाचाळव आहे. मी तो हात धरून अलगद मांडीवर ठेवत असे, वर शाल घालत असे आणि म्हणत असे, "शांत बसा हं." मी आवाजाची वाट बघत होते. आवाजावरून माणूस ओळखणारी बाई मी. हाताकडे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी एकटी पडले म्हणून रोज रडत होते. समोरचा माणूस बोलत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. आमच्या दोघांत जास्त एकटं कोण होतं?

मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि रडले. त्यांनी मला रडू दिलं. थोड्या वेळाने डोक्यावर डाव्या हाताची टिचकी बसली, जोरात. मग तो हात गाडीकडे. काम अर्धवट टाकलेलं त्यांना अजून चालत नव्हतं.

गाडी जॅकवरच होती. नट सैल करायचे तर आधी तिला खाली घ्यायला हवं होतं. मी स्टेपनी बाहेर ओढली. जॅकच्या दांड्याला हात घातला, आणि या वेळी दांडा फिरवायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं.

त्यांचा डावा पंजा उघडा, वर होता.

मी दांडा सोडला आणि दोन्ही हात वर करून दाखवले. काळे झाले होते, गाडीच्या पोटाखालची लाल माती लागली होती. मी वाट बघत राहिले. नियम दोघांना सारखा होता. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डावा हात खाली घेतला, मांडीवर पडलेला उजवा हात मनगटाला धरला आणि हळूहळू, दातओठ खात, उचलायला लागले. तो छातीपर्यंत आला, थांबला, पुन्हा वर निघाला. खांद्याच्या वर गेला. मग दोन्ही हात त्यांनी तसेच धरून ठेवले, माझं बघून होईपर्यंत.

"बघितले," मी मोठ्याने म्हटलं.

मग मी गाडी खाली घेतली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.